एनईएसचा लाल दिवा उघडझाप करतो: पिन ४ उचलण्याआधी आणि उचलल्यानंतर

कॅट्रिज आत सारून खाली दाबलं, पॉवरचं बटण दाबलं, की लाल दिवा लागतो, विझतो, परत लागतो. साधारण सेकंदाला एकदा. पडद्यावरही त्याच तालात करडा, पांढरा असा कुठलातरी एकच रंग येतो आणि जातो. कधी खेळाचं पहिलं चित्र क्षणभर दिसून गायब होतं. कॅट्रिज काढून पुन्हा घातलं, थोडं डावी-उजवीकडे सरकवलं, की एखाद्या वेळी खेळ सुरूही होतो. चार दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं.

निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम (एनईएस) या टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेम कन्सोलच्या, समोरून खेळाचं कॅट्रिज घालायच्या मॉडेलचा, म्हणजे एनईएस-००१ चा, हा सगळ्यात ठरलेला बिघाड. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला आहे: आतल्या कुलपाच्या चिपची चौथी पिन कापा, प्रश्न मिटला. पिन मोकळी करायला माझा अजिबात विरोध नाही. बहुतेक कन्सोलसाठी ती योग्यच दुरुस्ती आहे असं माझं मत आहे. पण ती सगळ्यात शेवटी करायची. आधी केली तर दिवा स्थिर होतो आणि ज्या दोषामुळे तो उघडझाप करत होता तो जागच्या जागी राहतो. मग तोच दोष विस्कटलेल्या चित्राच्या, अडकलेल्या खेळाच्या रूपाने बाहेर येतो आणि तेव्हा तो शोधणं जास्त अवघड जातं.

दिवा नेमकं काय सांगतो

कन्सोलच्या बोर्डावर १६ पिनांची एक छोटी चिप असते. अमेरिकी मॉडेलमध्ये तिच्यावर ३१९३ किंवा ३१९३ए असा नंबर दिसेल, युरोपातल्या मॉडेलमध्ये ३१९५, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या मॉडेलमध्ये ३१९७. ही सीआयसी, म्हणजेच कुलपाची चिप. शार्पचा ४ बिटांचा छोटासा मायक्रोकंट्रोलर, आत जेमतेम अर्ध्या किलोबाइटचा प्रोग्राम. त्या प्रोग्रामचं नाव टेन-एनईएस. प्रत्येक अधिकृत कॅट्रिजमध्ये हिचीच जोडीदार चिप असते.

दोन्ही चिपना कन्सोलकडून ४ मेगाहर्ट्झचं एकच क्लॉक, म्हणजे ताल देणारा सिग्नल, मिळतं. दोघी एकाच क्षणी सुरू होतात, आतल्या आत आकड्यांची एकच मालिका काढत जातात आणि निकाल एकमेकींना पाठवून ताडून पाहतात. जुळत राहिलं तर कन्सोलमधली चिप गप्प असते. एकदा जरी चुकलं तरी ती प्रोसेसर आणि चित्राची चिप, दोघांची रीसेटची तार ओढून धरते (म्हणजे त्यांना थांबवून ठेवते), सोडते, परत ओढते. तुम्हाला दिसणारी उघडझाप म्हणजे ही रीसेट.

यातल्या दोन गोष्टी दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, ही ताडणी फक्त सुरुवातीला होऊन थांबत नाही, खेळ चालू असेपर्यंत चालते. म्हणून खेळता खेळता कन्सोलला धक्का लागला आणि उघडझाप सुरू झाली, तर प्रोसेसर खराब झाला असं समजू नका. सीआयसीच्या तारांपैकी एखादीचा संपर्क क्षणभर सुटला असणार. दुसरी, ही उघडझाप कॅट्रिजच्या कडेवरच्या, संपर्कासाठी असलेल्या ७२ धातूच्या पट्ट्यांपैकी फक्त चार पट्ट्यांबद्दल बोलते. १९८३ मध्ये जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉमला, म्हणजे याच कन्सोलच्या मूळ जपानी रूपाला, कुलूप नव्हतंच आणि त्याच्या कॅट्रिजला ६० पट्ट्या होत्या. अमेरिकेसाठी कन्सोल नव्याने बांधताना त्यातल्या आवाजाच्या दोन काढल्या, खालच्या एक्स्पान्शन पोर्टसाठी दहा घातल्या आणि सीआयसीसाठी चार. त्या चार म्हणजे ३४, ३५, ७० आणि ७१ नंबरच्या. कॅट्रिजच्या एका टोकाला, ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या अगदी शेजारी त्या बसतात. साफसफाई करताना बहुतेकांचा हात मधल्या भागावर फिरतो आणि टोकं तशीच राहतात; इथे नेमकी टोकंच जास्त निगुतीने पुसायची आहेत.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

कॅट्रिज न घालता कन्सोल चालू करून बघा. दिवा उघडझाप करेल आणि तो करायलाच हवा, कारण उत्तर द्यायला समोर कोणीच नाही. ही नोंद मनात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. रिकाम्या कन्सोलचा दिवा स्थिर राहत असेल, तर तुमच्या आधीच कोणीतरी सीआयसीवर काम करून ठेवलंय आणि तुमची अडचण वेगळी आहे. सरळ शेवटच्या दोन भागांकडे जा.

मग शक्य असतील तेवढी वेगवेगळी कॅट्रिजं लावा. एकच कॅट्रिज उघडझाप करत असेल आणि बाकीची चालत असतील तर दोष कॅट्रिजमध्ये. सगळीच कमी-जास्त त्रास देत असतील तर कनेक्टरमध्ये, म्हणजे कॅट्रिज ज्यात खोचलं जातं त्या भागात. अधिकृत कॅट्रिजं सगळी व्यवस्थित चालतात आणि विनापरवाना कंपन्यांचीच अडतात, असं असेल तर दोष कशातच नाही. त्याचं कारण पुढे येतंय.

दिवा स्थिर आहे पण पडदा एकरंगी आहे, तर सीआयसीची बोलणी जुळली आहेत आणि खेळाचा प्रोग्राम वाचता येत नाहीये. दिवा स्थिर, खेळ चालू, पण अक्षरांच्या जागी भलतेच चौकोन किंवा उभ्या रेघा दिसतात, तर चित्रांच्या डेटाच्या पट्ट्यांपैकी काही लागत नाहीयेत. या दोन्ही लक्षणांत पिन ४ ला हात लावून काहीही साधणार नाही.

साफसफाई

आधी कॅट्रिज. जुन्या कॅट्रिजना चपट्या तोंडाचे साधे पाच स्क्रू असतात. नंतरच्यांना तीन खास स्क्रू असतात, त्यांना ३.८ मिलिमीटरचा गेमबिट नावाचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि वरची बाजू प्लॅस्टिकच्या दोन खाचांमध्ये अडकलेली असते. ती ओढून काढू नका. स्क्रू काढल्यावर दोन भाग एकमेकांवर हलके सरकवा. बोर्ड बाहेर काढून पट्ट्या दोन्ही बाजूंनी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडी आडवी घासू नका. पट्टीच्या लांबीच्या दिशेने ओढा, नाहीतर एका पट्टीवरचा मळ शेजारच्या फटीत जाऊन बसतो. काडी काळी निघणं थांबेपर्यंत काड्या बदलत राहा.

कॅट्रिजच्या मागच्या लेबलवर बेंझिन, थिनर, अल्कोहोल असले द्रावक वापरू नयेत असं छापलेलं आहे, त्यामुळे काहीजण बिचकतात. प्लॅस्टिकचं कवच आणि लेबल यांच्यासाठी ती सूचना अगदी बरोबर आहे. बोर्ड बाहेर काढून फक्त पट्ट्या पुसल्या आणि तो पूर्ण वाळल्यावर परत बसवला तर काही बिघडत नाही.

फुंकर मारायची नाही. फुंकरीने खेळ चालू झाल्यासारखा वाटतो, कारण फुंकण्यासाठी तुम्ही कॅट्रिज काढून पुन्हा घालता आणि त्या घासण्याने संपर्क थोडा सुधारतो. श्वासातला ओलावा मात्र पट्ट्यांवर राहतो आणि गंज चढवतो. निन्टेंडोनेही फुंकू नका असंच सांगितलं आहे. सॅण्डपेपरही नको. पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. तो गेला की खालचं तांबं उघडं पडतं आणि मग दर महिन्याला पुसत बसावं लागतं. फारच हट्टी डाग असेल तर मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि त्याचा भुगा अल्कोहोलने पूर्ण काढा.

आता कनेक्टर, कारण खरं दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं. एनईएसला व्हिडिओ रेकॉर्डरसारखं रूप द्यायचं होतं, म्हणून कॅट्रिज समोरून सरकवून मग खाली दाबायची रचना केली. खाली दाबताना कॅट्रिज कोनात फिरतं आणि कनेक्टरच्या स्प्रिंगसारख्या पिना दर वेळी वाकतात. वर्षानुवर्षं वाकून त्या ढिल्या पडतात. कॅट्रिज पूर्ण आत न सारता थोडं बाहेर ठेवल्यावर खेळ चालतो हा अनुभव अनेकांना असतो. त्याचं कारण हेच, पिना पट्टीच्या वेगळ्या, कमी झिजलेल्या जागी टेकतात. गेम जिनी, म्हणजे कॅट्रिजला जोडून खेळात फसवे कोड घालायचं उपकरण, वापरलं असेल तर ही झीज आणखी जास्त असते. त्याचा बोर्ड नेहमीच्या कॅट्रिजपेक्षा जाड आहे, तो पिना फाकवून ठेवतो. नंतर साधं कॅट्रिज घातलं की ते सैल बसतं.

कन्सोल उघडायला खास हत्यार लागत नाही. खालचे सहा स्क्रू चौफुलीचे. वरचं कवच उचललं की धातूचं आवरण, ते काढलं की कॅट्रिजचा ट्रे. ट्रेच्या स्क्रूंमध्ये दोन इतरांपेक्षा लांब असतात, ते कुठले ते लक्षात ठेवा. मग कनेक्टर मागे ओढून बोर्डावरून सोडवायचा. तो बोर्डाला सोल्डर केलेला नसतो, बोर्डाच्या कडेवर नुसता खोचलेला असतो. याचाच अर्थ असा की संपर्काच्या जागा दोन आहेत: कॅट्रिज आणि कनेक्टर, आणि कनेक्टर आणि बोर्ड. दुसरी जागा लोक हमखास विसरतात. बोर्डाच्या कडेवरच्या ७२ पट्ट्या कॅट्रिजसारख्याच काळवंडलेल्या असतात. नवा कनेक्टर घालूनही उघडझाप गेली नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या कन्सोलमध्ये मी सगळ्यात आधी ही कड पाहतो.

मूळ कनेक्टर फेकू नका. साध्या उकळत्या पाण्यात, जमल्यास डिस्टिल्ड पाण्यात, तो काही मिनिटं उकळा. बाहेर काढून, थोडा निवल्यावर एखादं बिनकामाचं कॅट्रिज त्यात सरळ आत-बाहेर करा, परत उकळा. साचलेला चिकट मळ सुटतो आणि पिना बऱ्याच अंशी मूळ जागी येतात. मग तो पूर्ण वाळू द्या. आत ओल राहिली तर सगळं मुसळ केरात, म्हणून किमान एक दिवस तरी उघडा ठेवा. सुईने एकेक पिन वर उचलायची युक्तीही चालते, पण ती तात्पुरती. एकदा थकलेली पिन वाकवून उचलली की लवकरच पुन्हा बसते, आणि एक पिन जास्त उचलली गेली तर कॅट्रिज घालताना ती शेजारच्या पिनेला टेकू शकते.

बाजारात मिळणारे नवे कनेक्टर हा लोकांचा आवडता उपाय. माझं मत त्यांच्याबद्दल फारसं चांगलं नाही. त्यांची पकड मगरमिठी असते. कॅट्रिज बाहेर काढायला ताकद लावावी लागते आणि प्रत्येक वेळी सोन्याचा मुलामा खरवडला जातो. मूळ कनेक्टरची पिन तुटली असेल किंवा गंजून गेली असेल तरच नवा घ्या.

मग हे कुलूप आलंच का, आणि ते कोणाला अडवत होतं

१९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. कोणीही, कसलंही कॅट्रिज काढून विकत होतं. निन्टेंडो १९८५ मध्ये तिथे उतरली ती हा दरवाजा बंद करूनच. परवाना घेतलेल्या कंपनीला वर्षाला पाच खेळांची मर्यादा, कॅट्रिज बनवणार निन्टेंडो स्वतः आणि त्यात सीआयसी. चिप नाही तर खेळ चालणार नाही.

ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांनी दोन वाटा काढल्या आणि त्यातली एक आजही तुमच्या टेबलावर उघडझाप होऊन दिसू शकते. पहिली वाट अटारी गेम्सची, टेनजेन या नावाने. त्यांनी टेन-एनईएसचा प्रोग्राम अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून मिळवला. त्यासाठी खटला चालू असल्याचं खोटं कारण दिलं. त्यावरून रॅबिट नावाची स्वतःची चिप बनवली, आणि ती कन्सोलला कॅट्रिजमधल्या अस्सल चिपसारखी उत्तरं देत असे. १९९२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने निन्टेंडोच्या बाजूने मनाईहुकूम कायम ठेवला. त्याच निकालात न्यायालयाने असंही म्हटलं की चिप उघडून तिचं काम समजून घेणं हे न्याय्य वापरात बसू शकतं. दोष होता तो प्रत गैरमार्गाने मिळवण्यात. दुरुस्ती करणाऱ्यांनी हा निकाल माहीत करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. यंत्र समजून घेणं आणि चोरी करणं यांतली रेघ तिथे फार स्पष्ट काढलेली आहे.

दुसरी वाट जास्त दांडगाईची. कलर ड्रीम्स, कॅमेरिका यांच्यासारख्या कंपन्यांनी कॅट्रिजमध्ये असं सर्किट घातलं की सुरू होतानाच ते सीआयसीच्या तारेवर व्होल्टेजचा झटका देई. कन्सोलमधली चिप गांगरून थांबे आणि थांबलेली चिप रीसेट ओढत नाही. यावर निन्टेंडोने नंतरच्या बोर्डांमध्ये बदल केला आणि झटका चिपपर्यंत पोचेनासा झाला. म्हणून तेच कॅट्रिज एका एनईएसवर पहिल्या फटक्यात चालतं आणि दिसायला तशाच दुसऱ्या एनईएसवर काही केल्या चालत नाही. अशा वेळी पट्ट्या घासत बसू नका. कॅट्रिजही ठीक आहे, कन्सोलही ठीक आहे. फक्त कन्सोल नंतरचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या एचईएस या कंपनीने यातून मार्ग काढला तो असा: त्यांच्या काही कॅट्रिजवर एक अधिकृत कॅट्रिज खोचायचं आणि त्याचीच चिप किल्ली म्हणून वापरायची.

एवढ्या चढाओढीत भरडला गेला तो पैसे मोजून अस्सल कॅट्रिज घेतलेला माणूस. कनेक्टर थोडा सैल झाल्यावर जो खेळ एखाद्या चुकीच्या चौकोनासकट का होईना चालला असता, तो कुलपामुळे सुरूच होत नव्हता. १९९३ मध्ये निन्टेंडोने वरून कॅट्रिज घालायचं मॉडेल, एनईएस-१०१, काढलं. त्यात समोरची ती रचना नाही आणि कुलपाची चिपही नाही. चौथी पिन मोकळी करताना कोणाला अपराधी वाटत असेल तर त्याने हे लक्षात घ्यावं की कंपनीने स्वतःच्या शेवटच्या मॉडेलात तेच केलं.

पिन ४

कन्सोलमधली आणि कॅट्रिजमधली सीआयसी मुळात एकाच जातीची. कुलूप कोण आणि किल्ली कोण हे ठरतं चौथ्या पिनवर. तिला ५ व्होल्ट मिळाले तर चिप कुलपासारखी वागते, ग्राउंड मिळालं तर किल्लीसारखी. किल्ली रीसेट ओढत नाही. सगळी करामत एवढीच.

वीज काढा, बोर्ड बाहेर घ्या, नंबर वाचून चिप शोधा. चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. खाच वर धरली तर डावीकडची सगळ्यात वरची पिन १. तिथून खाली मोजत चौथी. दोनदा मोजा. मग शक्य असेल तर सोल्डर काढून पिन सरळ वर उचला. बारीक कटरने पॅडजवळ (पिन बोर्डावर जिथे सोल्डर केलेली असते त्या ठिपक्याजवळ) कापली तरी चालेल, पण उचललेली पिन पुन्हा बसवता येते, कापलेलीला तार जोडावी लागते. कापायचीच असेल तर चिपच्या बाजूला तार लावण्याइतका तुकडा शिल्लक ठेवा.

बरेचजण इथेच थांबतात. पिन हवेत सोडून दिली तरी बहुतेक वेळा काम होतं, पण हवेत सोडलेल्या पिनवर काय व्होल्टेज येईल याची खात्री नसते आणि उघडझाप अधूनमधून परत येते. म्हणून ती ग्राउंडला जोडाच. सोय अशी की पिन ८ हीच ग्राउंड आहे आणि ती त्याच रांगेत सगळ्यात खाली आहे. बारीक इन्सुलेशनची तार घ्या, ४ ते ८, झालं. एक खबरदारी मात्र पाळलीच पाहिजे: पिन ४ चं बोर्डावरचं पॅड ५ व्होल्टला जोडलेलं आहे. पिन पॅडपासून पूर्ण सुटायच्या आधी तार जोडली तर ५ व्होल्ट आणि ग्राउंड थेट एकमेकांना भिडतील. जोडायच्या आधी मल्टिमीटर लावून पाहा: पिन ४ आणि तिचं पॅड यांच्यात कंटिन्युइटी, म्हणजे विजेला जोडलेला मार्ग, नको. जोडल्यानंतर पिन ४ आणि पिन ८ यांच्यात हवी.

आता कॅट्रिज न घालता चालू करा. सुरुवातीला केलेली चाचणी आठवा: तेव्हा दिवा उघडझाप करत होता, आता तो स्थिर राहिला पाहिजे.

कवच बंद करण्याआधी आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर लिहा: पिन ४ ग्राउंड केली आहे, अमुक तारीख. पुढे हा कन्सोल ज्याच्या हातात जाईल त्याला दिवा स्थिर दिसेल आणि तो संपर्क चांगले आहेत असं धरून चालेल. एवढ्या एका ओळीने त्याचा अर्धा दिवस वाचतो.

दुसऱ्या प्रदेशाची कॅट्रिजंही आता सुरू होतील, कारण प्रदेशाप्रदेशाच्या सीआयसीची मालिका वेगळी होती आणि ती ताडणीच आता उरली नाही. पण खेळ सुरू होणं आणि नीट चालणं यांत फरक आहे. अमेरिकी कन्सोलचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झने आणि ६० हर्ट्झच्या चित्राने चालतो, युरोपातला १.६६ मेगाहर्ट्झने आणि ५० हर्ट्झने. अमेरिकी खेळ युरोपी कन्सोलवर संथ वाटेल, संगीत रेंगाळेल. काही खेळांत पडद्याची मधली पट्टी थरथरते किंवा खेळ अडकतो. तो बिघाड नाही आणि त्याला सोल्डरने इलाज नाही.

हीच युक्ती एनईएसनंतरच्या सुपर निन्टेंडो कन्सोलवर डोळे मिटून करू नका. तिथेही पिन ४ उचलण्याचे सल्ले मिळतात आणि साध्या कॅट्रिजला ते लागूही पडतात. पण एसए-१ ही जादा प्रोसेसर चिप असलेल्या कॅट्रिजमध्ये किल्लीचं काम त्या चिपच्या पोटातच आहे. समोर बोलणारं कुलूप नसेल तर ती स्वतःच खेळ सुरू करायला नकार देते. तिथे कुलूप बंद करण्याऐवजी दोन्ही प्रदेशांची भाषा बोलणारी बदली चिप बसवतात. पुढच्या कन्सोलांमध्ये हे आणखी वाढत गेलं. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये हार्ड डिस्क बोर्डावरच्या ईईप्रॉम या छोट्या मेमरी चिपमधल्या किल्लीने बंद केलेली असते. डिस्क मेली आणि त्या ईईप्रॉमची प्रत काढून ठेवलेली नसेल, तर नुसती नवी डिस्क जोडून कन्सोल उठत नाही. तिथे डिस्क धडधाकट असताना ईईप्रॉमची प्रत काढून ठेवणं हे पहिलं काम.

एवढं करूनही दिवा स्थिर नसेल

उघडझाप पूर्वीसारखीच, घड्याळाच्या तालात, सेकंदाला एक असेल तर सीआयसी अजून कुलूपच आहे. चुकीची पिन उचलली गेली, पिन पॅडला कुठेतरी टेकते आहे किंवा ग्राउंडचा जोड कच्चा आहे. मीटर पुन्हा लावा.

दिवा तालात नाही, मधूनच मंदावतो, चित्र हलतं, आवाजात गुरगुर येते, तर विजेकडे वळा. एनईएसचा मूळ ॲडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो आणि कन्सोलच्या आत तो डीसी होतो, म्हणून पुरेशा अँपिअरचा ९ व्होल्ट डीसी ॲडॅप्टरही त्याला चालतो. उलटं मात्र कधीही करू नका: एनईएसचा एसी ॲडॅप्टर फॅमिकॉमला लावला तर फॅमिकॉम जळतो. मागच्या धातूच्या डब्यात ७८०५ रेग्युलेटर असतो. खेळ चालू असताना त्याच्या आउटपुटवर ५ व्होल्ट टिकून राहतात का ते पाहा. खाली घसरत असतील तर आधी ॲडॅप्टर बदलून बघा, मग डब्यातला मोठा फिल्टर कॅपॅसिटर, मग रेग्युलेटर.

दिवा स्थिर, वीज ठीक, आणि पडद्यावर चुकीचे चौकोन असतील तर पुन्हा पट्ट्या आणि कनेक्टर. आधी हे कॅट्रिज उघडझाप करून थांबत होतं, आता ते अर्धवट वाचून पुढे जातं. बॅटरीवर खेळ जपून ठेवणाऱ्या कॅट्रिजच्या बाबतीत इथे विशेष जपा. अशा खेळांच्या सूचनापत्रात रीसेट दाबून धरून मगच वीज बंद करा असं लिहिलेलं असतं, कारण वीज जाताना प्रोसेसर भरकटला तर जपलेल्या मेमरीत काहीही लिहिलं जाऊ शकतं. अर्धवट संपर्कावर चाललेला प्रोसेसर तसाच भरकटतो. त्यामुळे जपून ठेवलेला खेळ असलेलं कॅट्रिज शेवटी लावा. आधी बॅटरी नसलेली दोन-तीन वेगवेगळी कॅट्रिजं स्वच्छ चित्र देतात याची खात्री करून घ्या.